रस्त्याच्या कामात घराचं नुकसान झालं तर: नागपुरात भरपाई मागण्याची पूर्ण पद्धत

गल्लीत सिमेंट रस्त्याचं काम सुरू होतं, जेसीबी कंपाउंडच्या अगदी कडेला खोदतो, चार दिवसांनी पाऊस येतो आणि भिंत रस्त्याकडे कलते. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, "भिंत जुनीच होती." झोन ऑफिसात सांगतात, "ठेकेदाराला भेटा." ठेकेदार म्हणतो, "ऑफिसातून पत्र आणा." घरमालक फिरत राहतो. तेवढ्यात रस्ता पूर्ण होतो, बिल निघतं आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो.

ही भरपाई कायद्याने मागता येते. पण बहुतेक दावे हरतात ते दोनच कारणांनी. काम सुरू होण्याआधी घर कसं होतं याचा पुरावा नसतो, किंवा अर्ज चुकीच्या दारात आणि मुदत संपल्यावर जातो. म्हणून खालची बरीचशी कामं नुकसान होण्याच्या आधीची आहेत.

रस्ता नेमका कोणाचा?

कामाच्या ठिकाणी फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. कामाचं नाव, विभाग, ठेकेदार, कार्यादेशाची तारीख आणि दोषदायित्व कालावधी (दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) त्यावर बहुधा मिळतो. फलक नसेल तर झोन ऑफिसात विचारा. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. मालमत्ता कराच्या पावतीवर तुमचा झोन लिहिलेला असतो.

रस्ता महापालिकेचाच असेल असं धरून चालू नका. काही लेआउटमधली कामं नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) करते, शहराबाहेरच्या पट्ट्यात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए), काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. कधी मालक एक आणि काम करणारा दुसरा असतो. कामठी रोडवरचा उड्डाणपूल महामार्गावर आहे, पण तो बांधला महामेट्रोने. शंका असेल तर एकच पत्र सर्वांना पाठवा. जास्तीच्या दोन स्पीड पोस्टचा खर्च किरकोळ आहे, चुकीच्या ऑफिसात अडकलेले तीन महिने मात्र परत मिळत नाहीत.

घर का फाटतं, हे आधी समजून घ्या

कारण सांगता आलं नाही तर अभियंता "काळी माती आहे, तडे जाणारच" एवढं म्हणून विषय संपवतो. त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ऋतूनुसार उघडझाप करणारे तडे अनेक घरांत असतात. तुमचं नुकसान त्यापेक्षा वेगळं आहे हे दाखवणं तुमचं काम.

पहिलं कारण खोदकाम. पायाच्या तळाच्या खालपर्यंत चर खणला की पायाखालच्या मातीचा आधार जातो. साधा हिशोब असा: पायाच्या तळापासून चराकडे ४५ अंशात उतरती रेषा काढा. चर त्या रेषेला छेदत असेल तर भिंत धोक्यात आहे. कंपाउंडचा पाया २ फूट आणि गडर लाइनचा (सांडपाण्याच्या नळाचा) चर ४ फूट खोल असेल तर भिंतीपासून निदान २ फूट अंतर हवं. तेवढं नसेल तर चराला आधाराच्या फळ्या लावून तुकड्या-तुकड्याने खोदायला हवं. हे झालं नसेल तर टेप लावून खोली आणि अंतर दोन्ही दिसतील असा फोटो घ्या. तुमच्या दाव्यात याहून मोठा कागद नाही, आणि तो फोटो चर बुजण्याआधीच निघू शकतो.

दुसरं कारण कंपन. पश्चिम नागपुरात मुरूम संपला की काळा दगड लागतो आणि रॉक ब्रेकर येतो. मुरूम-गिट्टी दाबायला व्हायब्रेटरी रोलर असतो. कंपन मिलिमीटर प्रति सेकंद या मापात मोजतात. खाणीतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने घरांकरिता ठरवलेली मर्यादा ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ आंदोलनांच्या) खाली ५, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यावर १५ अशी आहे. ती रस्त्याच्या कामासाठी नाही, तरी तज्ज्ञ तुलनेला हे आकडे घेऊ शकतो. घरांजवळ रोलर व्हायब्रेशन बंद करून, जास्त फेऱ्या मारून चालवता येतो. ही मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. मागूनही ते झालं नाही तर निष्काळजीपणा दाखवायला तेच पत्र उपयोगी पडतं.

तिसरं कारण पाणी, आणि नागपुरात सर्वांत जास्त रडवणारं हेच. बॉक्स कटिंग (नवे थर भरण्यासाठी रस्त्याची खोदाई) करून रस्ता पावसात तसाच उघडा ठेवला की भिंतीलगत पाणी साचतं, काळी माती मऊ होते आणि भिंत झुकते. काम पूर्ण झाल्यावरही त्रास संपत नाही. जुना डांबरी थर न काढता त्यावर काँक्रीट चढवलं की रस्ता पोर्चपेक्षा उंच होतो आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी घरात शिरतं.

चुन्याच्या खुणा दिसल्या की लगेच

रस्त्यावर चुन्याच्या रेषा दिसल्या किंवा मोजणीवाले येऊन गेले, म्हणजे तुमच्याकडे फार तर काही दिवस आहेत. एक पूर्ण संध्याकाळ काढा.

फाटकापासून गच्चीपर्यंत न थांबता एक सलग व्हिडिओ घ्या. मग प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, फरशी आणि खिडक्यांचे कोपरे यांचे वेगळे फोटो घ्या. जुने तडे लपवू नका, उलट ते मुद्दाम टिपा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि शेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो घ्या. पुढे तडा रेघेच्या पलीकडे गेला तर वाढ कधी झाली ते तुम्ही सिद्ध करू शकता. जुना तडा मान्य करणाऱ्या माणसाच्या नव्या तड्यावर विश्वास बसतो.

मोठ्या तड्यावर काचेची पट्टी लावा. प्रयोगशाळेतल्या ७५ बाय २५ मिलिमीटरच्या काचपट्ट्या स्वस्तात मिळतात. तड्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर खरवडून विटेपर्यंत जा आणि पट्टी इपॉक्सीने दोन्ही टोकांना चिकटवा. सुटलेल्या प्लास्टरवर लावलेली पट्टी भिंत हलली तरी फुटत नाही, मग ती लावून काही उपयोग नाही. पट्टी फुटली त्या दिवशी फोटो घ्या आणि समोर कोणतं यंत्र चालू होतं ते वहीत लिहा.

पातळ्याही घ्या. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन जुन्या रस्त्याचा मध्य, रस्त्याची कड, फाटकाचा उंबरठा, पोर्च आणि घराची जोती या पाच जागांची उंची एकाच संदर्भापासून मोजा. संदर्भ म्हणून समोरच्या विजेच्या खांबावर नव्हे, तर तुमच्याच घराच्या पक्क्या कॉलमवर खूण करा. रस्त्याच्या कामात खांबही हलवले जातात. नवा रस्ता किती इंच वाढला याचं उत्तर मग वादाचं राहत नाही.

हे सगळं त्याच रात्री झोनच्या किंवा संबंधित विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. तारीख तुमच्या हाताबाहेर नोंदली जाणं महत्त्वाचं आहे. फाइल मोठी असेल तर निवडक २० फोटो पुरेत. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीची मूळ माहिती उडते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फाइल हाती असली की ते सोपं जातं.

नुकसान झालं, आता पहिले ४८ तास

माणसांचा जीव आधी. कललेल्या भिंतीजवळ कोणी जाऊ नये म्हणून दोर बांधा. गॅस किंवा विजेची लाइन उघडी पडली असेल तर पुरवठा बंद करा. पाण्याची जोडणी तुटली तर पाणीपुरवठ्याच्या हेल्पलाइनवर आणि केबल तुटली तर महावितरणकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. ही स्वतंत्र सरकारी नोंद फुकट मिळते.

मलबा लगेच उचलू देऊ नका. ठेकेदार "आत्ताच साफ करून देतो" म्हणतो तेव्हा तो पुरावाही उचलत असतो. आधी फोटो, मग दोन शेजाऱ्यांना पंच करून पंचनामा. त्यात तारीख, वेळ, कोणतं यंत्र कुठे चालू होतं, चराची खोली आणि भिंतीपासूनचं अंतर, काय पडलं त्याची लांबी-उंची-जाडी, आणि हजर असलेल्या सुपरवायझरने सही दिली की नाकारली, एवढं असावं. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका.

जेसीबी, टिप्पर किंवा रोलरने थेट धडक देऊन भिंत पाडली असेल तर मार्ग वेगळा आहे. ही मोटार वाहने आहेत. गाडीचा क्रमांक टिपा, पोलीस ठाण्यात नोंद करा आणि विम्याचा तपशील मागा. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि त्याची मुदत सहा महिने आहे. धडक नसेल, नुसत्या खोदकामाने भिंत पडली असेल, तर पोलीस बहुधा फक्त नोंद घेतील, कारण हेतू नसल्याने गुन्हा बसत नाही. तरी नोंद घ्या, तारखेचा पुरावा म्हणून ती लागते.

पहिला अर्ज

कार्यकारी अभियंत्याच्या नावे दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मजकूर असा पुरेल:

"आपल्या विभागामार्फत ... येथे सुरू असलेल्या ... या कामात दिनांक ... रोजी सुमारे ... वाजता माझ्या घराच्या दक्षिणेकडील आवारभिंतीलगत ... फूट खोल व भिंतीपासून ... फूट अंतरावर चर खोदण्यात आला. चराला कोणताही आधार दिला नव्हता. दिनांक ... रोजी भिंतीचा ... मीटर भाग कोसळला. कामापूर्वीची छायाचित्रे दिनांक ... रोजी आपल्याला ईमेलने पाठवली आहेत. सात दिवसांत संयुक्त पाहणी करून अहवालाची प्रत मला द्यावी, निविदेतील अटींनुसार नुकसानीची रक्कम निश्चित करावी आणि ती निश्चित होईपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक व सुरक्षा ठेव यांतून तेवढी रक्कम रोखून ठेवावी."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदा नमुन्यात कलम २३ असं आहे की ठेकेदाराच्या माणसांनी कामाच्या जागेत किंवा बाहेर, जाणूनबुजून वा नकळत केलेल्या नुकसानीची रक्कम प्रभारी अभियंता ठरवतो आणि ठेकेदाराने ती दिली नाही तर त्याच्या येणे रकमेतून कापता येते. म्हणजे "ठेकेदाराला भेटा" हे उत्तर पुरत नाही, रक्कम ठरवण्याचा अधिकार अभियंत्याच्याच हातात आहे. महापालिकेच्या निविदेतही अशी अट आहे का, हे तुमच्या कामाच्या निविदेत पाहून कलमाचा क्रमांक अर्जात लिहा. मात्र अंतिम बिल निघून सुरक्षा ठेव परत गेली की कापायला काही उरत नाही. म्हणून घाई करायची.

सोबत जोडा: विक्रीपत्र किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), चालू वर्षाची कर पावती, मंजूर नकाशा, लेआउट नियमित झाला असेल तर आरएल पत्र, फोटो, पंचनामा आणि अंदाजपत्रक.

निविदेची प्रत कशी मिळवायची

माहितीचा अधिकार. नमुना 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मागा: कार्यादेश, अटींसह निविदा, ठेकेदाराने घेतलेली विमा पॉलिसी, रस्त्याच्या जुन्या-नव्या पातळ्या दाखवणारा लांबछेद (रस्त्याच्या लांबीतला उभा नकाशा), तुमच्या घरासमोरच्या भागाची मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) पानं, आणि देयकांची सद्यस्थिती. विमा पॉलिसीत त्रयस्थाच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर अभियंत्यालाही पैसे कुठून द्यायचे याचं उत्तर मिळतं. ३० दिवसांत माहिती न आल्यास पहिलं अपील करा. अर्जात "का केलं नाही" असे प्रश्न नकोत, फक्त कागद मागा.

रक्कम कशी काढायची

"दोन लाख द्या" असा ठोकळ आकडा कोणी मान्य करत नाही. बाब, परिमाण, दर अशी मांडणी हवी आणि दर राज्याच्या चालू दरसूचीतून घ्यावा, कारण अभियंताही तीच वापरतो.

उदाहरणार्थ १२ मीटर लांब, १.५ मीटर उंच, २३० मिलिमीटर जाड विटांची भिंत. घनफळ ४.१४ घनमीटर. घनमीटरला सुमारे ५०० धरल्या तर २,०७० विटा, तुटफूट धरून २,१७५. दोन्ही बाजूंचं प्लास्टर ३६ चौरस मीटर, तेवढाच रंग. मलबा सुटा होऊन सुमारे ६ घनमीटर भरतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन-तीन ट्रॉल्या. लोक इथपर्यंत लिहितात आणि पाया विसरतात. आधार गेलेल्या पायावर नवी भिंत उभी करणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तीच पुन्हा पाडणं. खोदाई, मुरूम भराई, काँक्रीटचा थर आणि बांधकाम या पायाच्या बाबी वेगळ्या लिहा. फाटक परत बसवणं, गट्टू उखडून लावणं, चेंबर, तात्पुरतं पत्र्याचं कुंपण आणि अभियंत्याची फी हेही लागू असेल तसं घ्या. वाचलेल्या चांगल्या विटांची किंमत स्वतःच वजा करा, म्हणजे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

घराच्या मुख्य भिंतींना किंवा कॉलमला तडे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हवाच. दावा मोठा असेल तर व्हीएनआयटीसारख्या संस्थेच्या स्थापत्य विभागाकडून तपासणीची विचारणा करा. अहवालात नुसते "तडे आढळले" पुरणार नाही. तडे कोणत्या दिशेचे, कधीचे, आणि खोदकामाशी संबंध का, हे लिहून घ्या. ताज्या तड्याच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात; जुन्यात धूळ, कोळ्याची जाळी किंवा आत गेलेला रंग दिसतो.

काय मिळणार नाही, तेही स्पष्ट असू द्या. हद्दीबाहेर सार्वजनिक जागेवर आलेला रॅम्प, ओटा, पायऱ्या किंवा नालीवरचा स्लॅब तोडला तर भरपाई बहुधा मिळत नाही, आणि असा दावा जोडल्याने खऱ्या दाव्यालाही अतिक्रमणाचं बोट लागतं. धूळ, त्रास, घराची घटलेली किंमत यांचे पैसे काढणं कठीण. रस्ता रुंद करण्यासाठी जमीनच घेतली जात असेल तर तो भूसंपादनाचा विषय आहे, त्याची प्रक्रिया पूर्ण वेगळी.

रस्ता उंच झाल्याच्या तक्रारीत पैशांपेक्षा दुरुस्ती आधी मागा: घराच्या बाजूला पावसाळी नाली, तिचा उतार, आणि ती पुढे कुठे सुटते. नुसती नाली बांधून तोंड बंद असेल तर पाणी तुमच्याच दारात थांबतं. फाटक व पोर्च उचलण्याचा खर्च पर्याय म्हणून लिहा.

स्वतःचा घराचा विमा

'भारत गृह रक्षा' पॉलिसीत जमीन खचण्याचं संरक्षण आहे, पण खोदकाम किंवा बांधकामामुळे खचली तर ते वगळलेलं आहे. वाहनाच्या धडकेचं नुकसान मात्र बसतं. दावा भरताना कारण अचूक लिहा.

मुदती आणि नोटीस

इथे सर्वांत जास्त दावे बुडतात. महापालिकेने कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल दावा करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. नुसते अर्ज आणि स्मरणपत्रं करत बसल्याने ही मुदत थांबत नाही. नुकसानीनंतर दोन महिने झाले आणि पैसे दिसत नाहीत, तर नोटीस काढाच. ती मुख्य कार्यालयात द्या; कारण, मागणी, तुमचं व वकिलाचं नाव-पत्ता त्यात हवा. जुन्या नमुन्यांत सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन अ‍ॅक्ट १९४८ चा उल्लेख सापडतो. तो कायदा आता लागू नाही, नमुना बघून घ्या.

सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणजे राज्य शासन, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि मुदत एक वर्ष धरून चालावी. नासुप्रचा कायदा १९३६ चा आणि स्वतंत्र आहे, त्यातली नोटिशीची तरतूद वकिलाकडून तपासून घ्या.

ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला अनेक जण देतात. कर भरल्याने तुम्ही महापालिकेचे ग्राहक ठरत नाही, तिथे वेळ जातो आणि इकडची मुदत संपते. विमा कंपनीने नाकारलं तर मात्र तो मार्ग बरोबर आहे.

दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकीलही मिळतो. महापालिका आयुक्त स्थायी समितीच्या मान्यतेने भरपाई देऊ शकतात अशी तरतूद अधिनियमात असल्याने तडजोडीला कायद्याची आडकाठी नाही. त्यांना हवा असतो तो नीट कागद.

काम थांबवण्याचा मनाई हुकूम मिळेल या भरवशावर राहू नका. रस्ते हे पायाभूत प्रकल्प असल्याने विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ४१ तिथे आड येतं. त्याऐवजी न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागा. त्या अहवालाला जे वजन असतं ते तुमच्या फोटोंना येत नाही.

पैसे किंवा दुरुस्ती स्वीकारताना

बहुतेक प्रकरणं "आम्हीच बांधून देतो" यावर मिटतात आणि ते वाईट नाही, फक्त लेखी घ्या: पाया किती खोल, विटा कोणत्या, सिमेंट-रेती प्रमाण, कधीपर्यंत, आणि एक पावसाळा जाईपर्यंत जबाबदारी. विभागाच्या अभियंत्याची त्यावर सही हवी. अर्धी रक्कम मिळत असेल तर पावतीवर "उर्वरित हक्क राखून" लिहा. "पूर्ण व अंतिम" या शब्दांवर सही केली की पुढचा तडा तुमचा.

घराच्या तड्यांची कायमची दुरुस्ती मात्र घाईने करू नका. भिंत अजून हलत असेल तर भरलेला तडा महिन्याभरात पुन्हा उघडतो. काचपट्टी एक पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा टिकली की मग भरा, आणि काढलेल्या पट्ट्या तारखेच्या चिठ्ठीसह पाकिटात ठेवा.